थंडीत गळाच्या रॉडच्या रिंगांत बर्फ धरू नये म्हणून काय करावं?

थोडक्यात सांगायचं तर खोबरेल तेल नको आणि डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा फवारा) तर नकोच नको. ओठांना लावायचा साधा बाम चालेल, पण त्याच्यावरही फार भिस्त ठेवू नका. रिंगांतून ओली दोरी जितकी कमी फिरेल तितका बर्फ कमी, बाकी सगळी मलमपट्टी. आता सविस्तर.

तुम्ही मूळचे कागलचे, सध्या अमेरिकेत मिशिगनमध्ये, स्टीलहेडसाठी (सरोवरातून नदीत चढणारा ट्राउट मासा) नदीवर जाता आणि पारा शून्याखाली गेला की चार-पाच वेळा गळ टाकेपर्यंत रिंगा बुजून दोरी अडकते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या पंचगंगेवर ही अडचण यायची नाही. डिसेंबरात पहाटे पारा १४-१५ वर आला की राजाराम बंधाऱ्यावरचे गळवाले कानटोपी घालून दिसतात, तेवढीच इथली थंडी. पण मी फाउंड्रीच्या कामानं काही हिवाळे ग्रँड रॅपिड्सला काढलेत. तिथं सिक्स्थ स्ट्रीटच्या बंधाऱ्याखाली ग्रँड नदीत उभं राहायचो, त्यामुळं तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

बर्फ धरतो कसा ते आधी बघा, म्हणजे उपाय आपोआप सुचतात. हवेतून बर्फ येत नाही, तुम्हीच तो दोरीबरोबर पाण्यातून वर आणता. रीळ फिरवलं की ओली दोरी रिंगेला घासते आणि तिच्यावरचं पाणी रिंगेच्या बाहेरच्या अंगाला निथळून राहतं. रिंग धातूची, बारीक, चहूबाजूंनी वारा लागणारी, त्यामुळं ते थेंब लगेच गोठतात. शेंड्याची रिंग सगळ्यात लहान आणि तिच्यावर पाणी सगळ्यात जास्त, म्हणून पहिली तीच बुजते. जवळून बघितलं तर आधी काचेसारखी बारीक कड येते, मग ती आतल्या बाजूला वाढत जाते आणि शेवटी दोरीपुरतं भोक उरतं. दोरी ओढली की कर्र कर्र आवाज येतो, बर्फाचा चुरा बाहीवर पडतो. तिथंच थांबा. त्या भोकातून दोरी जोरानं ओढली तर ती खरवडते आणि पुढचा मोठा मासा नेमका तिथंच तोडून जातो.

म्हणजे मुद्दा दोरीनं आणलेल्या पाण्याचा आहे. विणलेली दोरी, तिकडं ब्रेड म्हणतात ती, धाग्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवते. शून्याखाली ती घरीच ठेवा. नायलॉनचं साधं तंगूस बरं, तेही थोडं पाणी पितं. फ्लोरोकार्बन जवळजवळ पीत नाही, पण थंडीत कडक होऊन रिळावरून वेटोळी सुटतात. मी साधं नायलॉनच वापरायचो, जरा चांगल्यातलं.

त्याहून मोठी गोष्ट गळ टाकायच्या पद्धतीची. आपल्याकडं कळकाच्या काठीला रिंगाच नसतात. शेंड्याला दोरी बांधली, गांडूळ लावलं की चिलापी काढायला बसायचं. तिला बर्फ धरायला जागाच नाही. जपान्यांची तेनकारा काठी याच जातीची. आता चार किलोचा स्टीलहेड पळायला लागला की दोरी सोडावी लागते, म्हणून रीळ पाहिजेच. पण रीळ असलं तरी रॉड कळकाच्या काठीसारखा चालवता येतो. दहा-अकरा फुटी रॉड घ्या, शेंड्यापासून पुढं रॉडच्या दीड-दोन पट दोरी सोडा आणि तेवढीच ठेवा. पाण्यावर तरंगणारा फ्लोट लावून डोहाच्या वरच्या तोंडाला टाका, प्रवाहाबरोबर रॉड फिरवत न्या, खाली पोचला की रिळाला हात न लावता रॉडनंच उचलून पुन्हा वर टाका. अशानं दोरी रिंगांतून जवळपास हलतच नाही.

शिवाय थंडीत मासाही हेच मागतो. पाणी एक-दोन अंशांवर आलं की तो कशाच्या मागं धावत नाही, संथ खोल जागी तळाला बसतो आणि अगदी तोंडासमोर आलं तर घेतो. स्पिनर (ओढलं की गरगर फिरणारं धातूचं आमिष) लांब फेकून भराभर गुंडाळणारे भर जानेवारीत बंधाऱ्याखाली बघितलेत. त्यांच्या रिंगा पहिल्या बुजायच्या आणि मासाही फारसा लागायचा नाही.

आता लावायच्या गोष्टी. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. इथं कोल्हापुरातच हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते, मग उणे पाचात त्याचं काय होणार? मेणासारखं कडक होऊन त्याच्या खपल्या निघतात. शेंगदाणा तेलही थंडीत गोठून घट्ट होतं. स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा बरेचजण मारतात. तो काही वेळ काम देतो, पण लवकर धुऊन जातो आणि नंतर रॉडवर चिकट थर बसतो. डब्ल्यूडी-४० पेट्रोलियमचं आहे. ज्या पाण्यातला मासा घरी नेऊन खाणार त्यात ते कशाला घालायचं? फ्लाय फिशिंगच्या (नकली माशी लावून मासे धरायच्या) जाड दोऱ्यांवर पीव्हीसीचा थर असतो, त्यांना तर असलं काही लावूच नये. आणि कुणी गाडीचं अँटीफ्रीझ सुचवलं तर हात जोडा. इथिलीन ग्लायकॉल विष आहे.

ओठांचा बाम किंवा सिलिकॉनची पेस्ट चांगली. रिंगांसाठी मुद्दाम बनवलेली पेस्ट तिकडच्या दुकानांत मिळते, पण बाम खिशात असतोच. तो घरी, उबेत, रिंगा कोरड्या असताना लावा. ओल्या रिंगेवर तो धरत नाही आणि नदीवर गार बोटांनी नीट लागतही नाही. कापसाच्या काडीनं रिंगेच्या आतल्या कडेला अगदी पातळ हात फिरवा. गोळा राहिला तर दोरी तो उचलून रिळात नेते. यानं बर्फ थांबत नाही, उशिरा धरतो आणि धरलेला पटकन सुटतो. माझ्या अंदाजानं उणे चार-पाचपर्यंत याचा फरक जाणवतो. उणे आठ-दहा झालं आणि वर वारा असला तर काहीही लावा, रिंगा बुजणारच. त्या दिवशी घरी पिठलं-भाकरी करावी.

बर्फ धरलाच तर रॉडचा शेंडा नदीत बुडवा. हसू नका, उणे सातच्या हवेपुढं शून्याच्या वरचं वाहतं पाणी गरमच. थोडा वेळ पाण्यात हलवत धरला की बर्फ सुटतो. मग बाहेर काढून जोरात झटका, नाहीतर तेच पाणी पुन्हा गोठतं. रीळ मात्र पाण्यात जाऊ देऊ नका. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणाऱ्या रिळातल्या ब्रेकच्या, चकत्यांत पाणी शिरून गोठलं की ड्रॅग सुटत नाही आणि माशाच्या पहिल्या ओढीलाच दोरी तुटते. रिळावरची दोरीही एकमेकीला चिकटून गोठते, तेव्हा अधूनमधून हातानं थोडी ओढून ती मोकळी सुटते का बघा. थर्मासमधलं गरम पाणी रिंगांवर ओतायच्या भानगडीत पडू नका, ते चहाला ठेवा.

बोटांनी बर्फ काढायचा असेल तर रिंग चिमटीत धरून उबेनं सोडवा. आडवा मोडायला जाऊ नका. कार्बनचा शेंडा काडीएवढा असतो, बर्फाच्या आधी तोच मोडतो. तोंडात धरून बर्फ वितळवणारेही असतात. गोठलेला धातू आणि ओली जीभ यांची गाठ घालून देण्यात शहाणपण नाही. रिंगेच्या आत सिरॅमिकचं कडं असतं, त्याला चीर गेली की ते ब्लेडसारखं दोरी कापतं. घरी आल्यावर प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा ओढून बघा. तंतू अडकले तर ती रिंग बदला. आणि ओला रॉड तसाच कव्हरमध्ये कोंबू नका, उभा करून वाळू दे.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. काठाला पाण्यावर पुढं आलेला बर्फाचा सज्जा असतो, त्याच्यावर पाय ठेवू नका. खालून प्रवाह तो पोखरत असतो आणि वरून कळत नाही. तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरायचे झाले तर स्वच्छ, कडक बर्फ किमान चार इंच आहे हे मोजल्याशिवाय चालायचं नाही. पण वाहत्या नदीवरच्या बर्फाला हा हिशेब लावू नका, तिथं चढायचंच नाही.

मिशिगनचं मासेमारीचं लायसन ३१ मार्चला संपतं, तुम्ही ते कधीही काढलेलं असो. स्टीलहेडचा खरा जोर त्याच सुमाराला असतो, तेव्हा १ एप्रिलला नदीवर जाणार असाल तर नवं आधीच काढून ठेवा.