हे बोललं कोण?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आमच्या जाऊबाईंना नऊ वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. मोबाईलवर एका ब्रदरांचा संदेश ऐकून त्यांनी गोळ्या बंद केल्या. ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’ हे यशया 53:5 चं वचन चिठ्ठीवर लिहून गोळ्यांच्या डब्यात ठेवलंय. ‘प्राप्त झाले’ असं लिहिलंय, ‘होईल’ असं नाही, मग गोळी घेणं म्हणजे अविश्वासच, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, वचनाचा अर्थ लावायची काही रीत असते. तर त्यांनी 1 योहान 2:27 काढून दाखवलं : कोणी तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. मी गप्प बसले. शिवाय माझी आई चौथी शिकलेली. रोज रात्री कंदिलाजवळ बसून ओळीने एक अध्याय वाचायची. तिला कुठे ठाऊक होते अर्थ लावायचे नियम? तिचं काही अडलं नाही. मग हे नियम म्हणजे शिकल्या-सवरलेल्यांचं खूळ आहे का?
– एक वाचक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : भगिनी, सलाम. जाऊबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही त्याच दिवशी नेलंत, बरं केलंत. मासिक पोस्टाने यायचं म्हणजे आठ-दहा दिवस. साखर तेवढी थांबत नाही. आता वचनाकडे वळू.

त्याआधी माझीच एक फजिती सांगतो. मी पाळक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मंडळीतल्या एकाने पिठाची गिरणी टाकली आणि प्रार्थनेला मला बोलावलं. मी झोकात ईयोब 8:7 वर बोललो : आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल. लोक खूश, गिरणीवाला खूश. ते वचन रंगवून दाराच्या वर लावायचं, हेही तिथेच ठरलं. चहाच्या वेळी कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला जवळ बोलावलं. तरुणपणी त्यांची दोन लेकरं एकाच पावसाळ्यात गेली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी हळूच विचारलं, “पाळकसाहेब, हे बोललं कोण?”

मी म्हटलं, “ईयोबाच्या पुस्तकात आहे, आजी.”

“पुस्तकात आहे हो. पण बोललं कोण?”

मला सांगता येईना. त्यांनीच सांगितलं, “बिल्दद. लेकरं गेलेल्या ईयोबाला भेटायला आलेला मित्र. आणि त्याच्या तीन ओळी आधी तो त्या बापाला काय म्हणतो? तुझ्या लेकरांनी पाप केलं, म्हणून ती गेली. माझ्या दारातही त्या वर्षी दोन-चार बिल्दद येऊन गेले. त्याचं बोलणं दारावर नका लावू.”

घरी येऊन पुस्तक उघडलं. आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तेच होतं. मग शेवटचा अध्याय काढला. 42:7 मध्ये देव बिल्ददचा सोबती अलीफज याला स्पष्ट सांगतो की तुझा आणि तुझ्या दोघा मित्रांचा मला राग आला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणजे ज्याच्या बोलण्यावर देव स्वतः रागावला, त्याचं बोलणं मी देवाचा आशीर्वाद म्हणून गिरणीवर लावायला निघालो होतो! शब्द पवित्र शास्त्रातलेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असं आपण ऐकत आलो. इथे तेवढीही तसदी नाही. मागची-पुढची ओळ हाताने झाकली की काम झालं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर जाऊन पाटी बदलायला सांगताना माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. पण ‘हे बोललं कोण?’ हा त्या आजींचा प्रश्न मी तेव्हापासून सोडलेला नाही. तुम्ही ज्याला नियम म्हणता, त्यातला पहिला तोच. कोण बोललं, कोणाला बोललं, कशावरून बोललं. शेजारचं पत्र चुकून आपल्या दारात पडलं तर आपण आधी वरचं नाव बघतो. पवित्र शास्त्रालाही निदान तेवढा मान द्यावा.

आता जाऊबाईंची चिठ्ठी. पूर्ण वचन वाचा : ‘तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, आमच्या दुष्कर्मांमुळे ठेचला गेला’. मग शांती, मग फटके आणि आरोग्य. पुढच्याच वचनात आम्ही सर्व मेंढरांप्रमाणे बहकलो होतो. आजूबाजूला सगळीकडे अपराध, दुष्कर्म, बहकणं. येशूचा शिष्य पेत्र हेच शब्द आपल्या पहिल्या पत्रात घेतो (2:24), तेव्हा तो कोणाशी बोलतोय? सहा वचनं वर जा. चाकरांशी बोलतोय, धन्याचा विनाकारण मार खाणाऱ्यांशी. ज्यांच्या पाठीवर खरोखर वळ आहेत, त्यांना तो ख्रिस्ताचे वळ दाखवतो आणि सांगतो, तुम्ही बहकत होता, आता मेंढपाळाकडे परत आला आहात. माझ्या मते या वचनाचा गाभा तिथे आहे. पोटातल्या गोळीचा तिथे विषय नाही.

मात्र दुसरी बाजू लपवली तर मीही तेच पाप करीन. मत्तय 8:17 मध्ये याच अध्यायातलं चौथं वचन येतं, आणि ते येशूने आजाऱ्यांना खरोखर बरं केलं त्या संध्याकाळी येतं. तेव्हा शरीराचा संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. देव बरं करतो. मीही आजाऱ्यांसाठी तेल लावून प्रार्थना केली आहे आणि उठून बसलेली माणसं पाहिली आहेत. पण औषध म्हणजे अविश्वास, हे मत्तय म्हणत नाही, पेत्र म्हणत नाही आणि यशया तर मुळीच म्हणत नाही.

यशयाचंच पुस्तक घ्या, अध्याय 38. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला. तो रडून प्रार्थना करतो. देव म्हणतो, तुझी प्रार्थना ऐकली, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. वचन मिळालं, तेही नावानिशी. त्यानंतर यशया काय सांगतो? अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा, म्हणजे राजा बरा होईल (38:21). ज्या संदेष्ट्याच्या पुस्तकातून चिठ्ठी काढली, तोच पोटीस बांधायला सांगतोय! प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, दुसरा सोबती त्रफिम याला तर मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जावं लागलं. आणि लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. ती मंडळी काय अविश्वासी होती?

राहता राहिलं ‘प्राप्त झाले’. हा अध्याय ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधीचा. त्यात घायाळ झाला, ठेचला गेला, सगळं झाल्यासारखंच लिहिलं आहे. पुढे घडायचं तेही संदेष्टे घडून गेल्यासारखं बोलतात. तेव्हा क्रियापदाचा काळ बघून गोळी चालू की बंद ते ठरवता येत नाही.

1 योहान 2:27 मात्र जाऊबाईंनी चांगलं शोधलं. आता एक वचन आधी बघा. तुम्हाला भुलवणाऱ्यांविषयी मी हे लिहिलं आहे, असं योहान म्हणतो. काही जण मंडळीतून बाहेर पडून नवीन ‘ज्ञान’ विकत होते. त्यांची तुम्हाला गरज नाही, असा तो दिलासा आहे. शिकवणंच नको असतं, तर म्हाताऱ्या योहानाने पाच अध्यायांचं पत्र कशाला लिहिलं असतं? आणि गंमत बघा, ज्या वचनाने शिकवणारे मोडीत काढायचे, ते मोबाईलवरच्या ब्रदरांना तेवढं लागू नाही!

प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. गज्जाच्या वाटेवर इथियोपियाच्या कांदके राणीचा खजिनदार रथात बसून वाचतोय. काय वाचतोय? यशया 53, तुमच्या जाऊबाईंचाच अध्याय. सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याला विचारतो, समजतं का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आणि त्याचा प्रश्न ऐका : संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? आमच्या गिरणीवरच्या आजींचीच जात!

आता तुमच्या आईंविषयी. पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. रोज एक धरला तर सव्वातीन वर्षांत पुस्तक पुरं होतं. आईंनी ते किती वेळा पुरं केलं असेल, तुम्हीच हिशेब करा. त्यांनी वचन कधी सुटं वाचलंच नाही, मागच्या रात्रीचा अध्याय डोक्यात घेऊनच पुढचा उघडला. नियमांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण हात त्याच वळणावर पडत होता. चुकतो आपण, 31 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये नव्या वर्षासाठी ताटलीतून वचनाची चिठ्ठी उचलणारे. गेल्या वर्षी माझ्या नातवाला यिर्मया 29:11 आलं, हिताचे संकल्प वगैरे. तो म्हणाला, आजोबा, यंदा नोकरी पक्की. मी म्हटलं, बाळा, दहावं वचन वाच. सत्तर वर्षं लिहिलंय. पोरगं चिडलं. मग आम्ही दोघांनी तो अध्याय पहिल्यापासून वाचला, बाबेलात धरून नेलेल्या लोकांना तिथेच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा असं सांगितलंय, तिथपासून. तो अध्याय त्याला चिठ्ठीपेक्षा आवडला, असं निदान तो म्हणाला.

पंडितांचं खूळ म्हणाल, तर पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीकशी झटून पवित्र शास्त्र मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून. कष्ट त्यांनी उपसले. आपल्याकडे मागची-पुढची दोन पानं वाचायचं तेवढं राहिलं.

जाऊबाईंशी वाद घालू नका. चिठ्ठी डब्यात राहू द्या, गोळ्याही चालू राहू द्या. रात्री दोघी मिळून यशया 38 वाचा, मोठ्याने. फक्त अंजिरांचं वचन आलं की जरा सांभाळा. तो लेप गळवावर बांधायचा होता. जाऊबाईंना साखर आहे, आणि त्या उद्या अर्धा किलो सुके अंजीर आणून बसायच्या.