स्क्लेरोडर्मा असताना हातांची सोनोग्राफी खरंच लागते का?

आईंना स्क्लेरोडर्मा (कातडी जाड आणि ताठ करणारा आजार) आहे, मूठ वळत नाही, एक्स-रे झालाय, मग सोनोग्राफीचा खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी संधिवाताच्या रुग्णांची सोनोग्राफी करते. माझं मत, जरूर करून घ्या.

मूठ न वळण्याचं कारण दर वेळी कातडीच असतं असं नाही. सांध्याच्या अस्तराला सूज असू शकते, टेंडनभोवतीच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीभोवतीच्या) आवरणालाही असू शकते. इतर संधिवातात डॉक्टर सांधा चाचपून सूज ओळखतात. इथे वरची कातडीच इतकी ताठ असते की आतली सूज बोटांना लागतच नाही. एक्स-रेत हाडांची झीज दिसते, अस्तराची सूज नाही. सोनोग्राफीत जाड झालेलं अस्तर दिसतं, आणि पॉवर डॉपलर (यंत्रातली रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावला की तिथे रक्तप्रवाह वाढलाय का तेही कळतं. सूज चालू असेल तर औषधांचा विचार बदलतो. नुसती कातडी आवळली असेल तर भर बोटांच्या व्यायामावर राहतो.

बोटांच्या टोकाशी टणक पांढरट गाठी असतील तर तो कॅल्शियमचा साठा असू शकतो. पडद्यावर तो पांढरा चमकतो आणि त्याच्याखाली काळी सावली पडते. एक्स-रेतही तो दिसतो, पण टेंडनला खेटून आहे का हे सोनोग्राफीत कळतं. जखमा भरत नसतील तर मनगटाजवळ करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी बंद आहे का, तेही पाहायला सांगा.

कातडीची जाडीही मोजतात. त्या एका आकड्यावर मात्र फार विसंबू नका. आजार जुना झाला की कातडी आपसूक पातळ होते, त्यामुळे आकडा उतरला म्हणजे सुधारणा असं नाही.

पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग) इथे चालत नाही. 15 ते 18 मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा प्रोब आहे का, हे आधी फोनवर विचारा. एसीत हात गार पडले की बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डॉपलर फसवतो. आईंना हातमोजे घालून न्या, हात उबदार झाल्यावरच तपासणी सुरू करायला सांगा. जेल भरपूर हवं आणि प्रोब अलगद टेकवायला हवा. दाबला की बारीक रक्तप्रवाह दिसेनासा होतो.

नखांच्या मुळाशी केशवाहिन्या पाहण्याची कॅपिलरोस्कोपी ही वेगळी तपासणी. ती सांगितली असेल तर तीही करा.

आणि एखादं बोट काळंनिळं पडून सतत ठणकत असेल, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.