सिरीज बल्ब नेमके कुणाचे रक्षण करतो?

प्रश्न : उन्हाळ्यापूर्वी घरातील कुलरचे पंप, पंखे आणि मिक्सर मी स्वतःच दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात कुलरच्या जुन्या पंपाची पिन लावताच एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारा स्विच) पडला. ओळखीच्या वायरमनने सांगितले की, 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे उपकरणाच्या वाटेत एकामागोमाग, घातला की करंट मर्यादेत राहतो, एमसीबी पडत नाही आणि चुकून हात लागला तरी जिवावर बेतत नाही. हे खरे आहे का? बल्ब किती वॉटचा घ्यावा? एलईडी बल्ब चालेल का?
— एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव

उत्तर : वायरमनने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी मात्र इतकी चुकीची आहे की, तिच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्या घरातील पुरवठा 230 व्होल्टचा असतो आणि 100 वॉटचा बल्ब पूर्ण तेजाने पेटला असता त्यातून सुमारे 0.43 अँपियर, म्हणजे 430 मिलिअँपियर प्रवाह वाहतो. बल्बच्या पुढे जोडलेले उपकरण पूर्ण शॉर्ट असले तरी प्रवाह या आकड्यापाशीच स्थिरावतो. म्हणून एमसीबी पडत नाही, वायर तापत नाही आणि वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळत नाही. परंतु माणसाच्या रक्षणासाठी घरात जो आरसीसीबी बसवतात, तो 30 मिलिअँपियरची गळती होताच पुरवठा तोडण्यासाठी बनवलेला असतो, कारण त्यापुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका झपाट्याने वाढतो. जो बल्ब 430 मिलिअँपियर सहज जाऊ देतो, तो तुमच्या हाताला कोणते संरक्षण देणार?

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. थंड फिलामेंटचा रोध (रेझिस्टन्स) पेटलेल्या फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे 40 ओहमच्या आसपास असतो. ओल्या हातांच्या माणसाचा रोध मात्र हजार ओहमच्या घरात असू शकतो. दोन्ही एकामागोमाग जोडले गेले की व्होल्टेजचा मोठा वाटा माणसाच्या वाट्याला येतो आणि शरीरातून दीडशे मिलिअँपियरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. अशा वेळी बल्ब फार तर विझत्या निखाऱ्यासारखा लालसर दिसेल. ऐन तिशीत मी स्वतः सिरीज बोर्डावर लोखंडी कुलर तपासताना ओल्या फरशीवर अनवाणी उभा होतो. बॉडीला बोटे टेकली, हात झटक्याने मागे फेकला गेला आणि समोरचा बल्ब पेटल्याचे मला दिसलेही नाही. त्या दिवशी वाचलो तो बल्बमुळे नव्हे, हात आपोआप सुटला म्हणून.

माणसाला सुरक्षित ठरेल इतका प्रवाह रोखायचा तर रोध किती लागतो, हे तुमच्या खिशातला टेस्टरच दाखवतो. त्यातल्या निऑन दिव्याला साधारण एक मेगओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा रोध जोडलेला असतो, म्हणून तुमच्या बोटातून मिलिअँपियरच्या पाव हिश्श्याएवढाच प्रवाह जातो. पण तेवढ्या प्रवाहावर पंप चालत नाही. उपकरण चालवणारा प्रवाह आणि माणसाला सोसणारा प्रवाह यांत एवढे अंतर आहे की, एकाच रोधाने दोन्ही साधत नाही.

सिरीज बोर्ड तरीही अवश्य करावा, मात्र यंत्रासाठी. स्विच आणि बल्ब दोन्ही फेजच्या वायरमध्ये घ्यावेत, सॉकेटची अर्थिंग थेट बोर्डाच्या अर्थिंगला जोडावी आणि या सगळ्याला पुरवठा आरसीसीबीमधूनच यावा. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट, मंद पेटला तर उपकरण प्रवाह घेत आहे, अजिबात पेटला नाही तर बहुधा सर्किट तुटलेले, अशी ढोबळ खूण आहे. ती आंधळेपणाने वापरू नये, कारण 1000 वॉटच्या चांगल्या इस्त्रीचा रोधच सुमारे 53 ओहम असल्यामुळे तिच्यासमोर 100 वॉटचा बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. लहान पंपासाठी 60 ते 100 वॉट पुरतात. मिक्सरसाठी 200 वॉट किंवा समांतर जोडलेले दोन बल्ब घ्यावेत. बॉडीत उतरलेली पन्नासेक मिलिअँपियरची गळती असा सिरीज बल्ब दाखवत नाही; त्यासाठी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लागतो आणि वायंडिंग व बॉडी यांच्यातले इन्सुलेशन एक मेगओहमपेक्षा कमी भरल्यास ते उपकरण वापरू नये.

काही जण डिमरस्टॅट वापरून व्होल्टेज कमी करतात आणि स्वतःला सुरक्षित समजतात. त्यात एकच वायंडिंग असल्यामुळे मेन्सशी संबंध तुटत नाही. तो संबंध तोडतो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर : त्याच्या बाहेरच्या बाजूची एकच वायर जमिनीवरच्या माणसाला लागली तर परतीची वाट मिळत नाही. दोन्ही वायरींना हात लागला तर मात्र तोही वाचवत नाही आणि मागचा आरसीसीबीही ते ओळखत नाही. मिठाच्या पाण्याची बादली रोध म्हणून वापरण्याचा प्रकार शेतांवर अधूनमधून दिसतो. ती म्हणजे उघडी फेज होय.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होऊन त्याचा रोध वाढतो, नेमके त्याच दिवसांत घराघरांत पाण्याने भरलेले लोखंडी कुलर चालू असतात. खड्ड्यात पाणी घालत राहावे. आरसीसीबी फेज व न्यूट्रलमधल्या प्रवाहाची तुलना करतो, त्यामुळे अर्थिंग कमकुवत असली तरी तो काम करतो. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तुमच्या पंपाबद्दल : पिन काढून, मल्टिमीटरने पिनच्या दोन टोकांमध्ये रोध मोजा. तो शून्याजवळ असेल तर आधी वायर पाहा. काळी टेप गुंडाळलेला सांधा कुलरच्या टबात बुडालेला आढळणे फार नेहमीचे आहे. वायर चांगली निघाली आणि वायंडिंग राळेत बंद असेल, तर पंप नवा घेणेच परवडते.

एलईडी बल्ब चालणार नाही. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि ते साध्या रोधासारखे वागत नाही. जुना पिवळा बल्ब इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात विचारावा. न मिळाल्यास हॅलोजनची नळी तिच्या योग्य होल्डरमध्ये लावून वापरता येते, फक्त ती फार तापते, म्हणून वर जाळी बसवावी.