पांढरे डाग आणि थायरॉईड

प्रश्न : माझं वय ३२. दोन वर्षांपूर्वी टिकलीच्या जागी पांढरा डाग आला. आता बोटांच्या टोकांवर आणि कमरेला परकराच्या नाडीच्या रेषेतही डाग आहेत. आईला थायरॉईड आहे. हे थायरॉईडमुळे असेल का? गोळी घेतल्यावर डाग जातील? मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं होतं, असं सासूबाई म्हणतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : वर्णनावरून हे पांढरं कोड वाटतं. त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली बघून खात्री करतील. मासे-दुधाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि कोड स्पर्शानं पसरतही नाही.

कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी मारते. तीच चूक थायरॉईड ग्रंथीबाबतही होऊ शकते, म्हणून हे दोन आजार एकाच माणसात किंवा एकाच घरात बरेचदा दिसतात. पण एक दुसऱ्याचं कारण नाही. थायरॉईडच्या गोळीनं थायरॉईड सुधारेल, डाग भरणार नाहीत.

तरी आईचा आजार पाहता टीएसएच (थायरॉईडचं काम नीट चाललंय का हे दाखवणारं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडवर हल्ला करणारी प्रतिपिंडं) या रक्ततपासण्या करून घ्याच. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर ती किमान २ दिवस आधी थांबवा. तिच्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं. अँटी-टीपीओ वाढलेलं, पण टीएसएच नॉर्मल असेल तर सहसा थायरॉईडची गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच पाहायचं. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

तुमच्या डागांच्या जागा बोलक्या आहेत. कोड असलेल्या त्वचेवर सतत घासलं, काचलं की तिथे नवा डाग उमटतो. नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक वापरा. टिकलीच्या गोंदातलं रसायनही रंगपेशी मारू शकतं, तेव्हा चिकटणारी टिकली आजपासून बंद.

उपचारांत चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस मलम आणि आठवड्यातून २-३ वेळा नॅरोबँड यूव्हीबी हा ठरावीक अतिनील प्रकाश देतात. नवा रंग केसांच्या मुळांतून ठिपक्यांनी येतो. म्हणून कपाळ लवकर भरतं. बोटांच्या टोकांना केस नाहीत, ती हट्टी असतात. निदान ३ महिने तरी धीर धरा. बावचीचं तेल लावून उन्हात मात्र बसू नका. त्यानं फोड येतात, आणि भाजलेल्या जागी नवा डाग पडतो.