विधेयकाचं शेवटचं पान आधी वाचा

प्रश्न : ताई, कुठलंही सभागृह घ्या. कशाला 'राष्ट्रीय' दर्जा द्यायचा असो, नाव बदलायचं असो की स्वतःचं वेतन वाढवायचं असो, सगळे पक्ष दिवसभरात एक होतात. माणसं गटारात उतरून मरतात, कोठडीत मरतात, तिथे मात्र वर्षानुवर्षं 'विचाराधीन'. हे मुद्दाम चालतं का? आणि मत देण्यापलीकडे आमच्या हातात काय आहे?
— एक वाचक

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. माझी सगळी नोकरी विधेयकांचे मसुदे तपासण्यात गेली. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली : ज्या कायद्याने कुणाचंच काही बिघडत नाही, तो झटकन होतो. त्याला पैसा लागत नाही, माणसं नेमावी लागत नाहीत, कुणी दुखावत नाही. विरोधकांनाही हात वर करायला हरकत नसते. गंभीर प्रश्नावरचा कायदा मात्र कुणाच्या तरी मुळावर येतो, ठेकेदाराच्या, पोलीस खात्याच्या किंवा तिजोरीच्या. म्हणून तो अडतो. कट शिजलेला असायची गरजच नसते.

हे सगळीकडे आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवर टकला गरुड 1782पासून आहे. तो अधिकृत राष्ट्रीय पक्षी असल्याचा कायदा डिसेंबर 2024मध्ये झाला. पोस्ट ऑफिसांना नावं देण्याचे कायदे तर तिथे दर अधिवेशनात होतात. त्याच संसदेला दर वर्षी 1 ऑक्टोबरच्या आत खर्चाची 12 विधेयकं मंजूर करायची असतात, आणि 1997च्या आर्थिक वर्षानंतर ती सगळी एकदाही वेळेत झालेली नाहीत.

आपल्याकडे कोठडीतल्या छळाचंच बघा. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997मध्ये सही केली. 2010मध्ये लोकसभेने त्यासाठीचं विधेयक मंजूर केलं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या निवडक सदस्यांकडे, पाठवलं, समितीने अहवालही दिला. पुढे काहीच झालं नाही आणि 2014मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप रद्द झालं. कुणी विरोधात मत दिलं नाही, कुणाचं नाव खराब झालं नाही. उलट 14 मार्च 2018 रोजी लोकसभेत गोंधळ चालू असताना वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं; त्यातच खासदारांचं वेतन दर पाच वर्षांनी महागाईनुसार वाढण्याची तरतूद होती.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जादूटोणाविरोधी कायदा तर मी विसरूच शकत नाही. मसुदा कित्येक वर्षं या ना त्या अधिवेशनात पुढे ढकलला जात होता. 20 ऑगस्ट 2013च्या सकाळी त्यांचा खून झाला, दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकूम काढायचं ठरवलं आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. म्हणजे वेळ होता, शब्दही तयार होते. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

पण 'किरकोळ' ठरवताना थोडी सावधगिरी बाळगा. ब्रिटनमध्ये संशयास्पद परिस्थितीत सॅमन मासा बाळगणं हा 1986च्या कायद्याने गुन्हा आहे. ऐकून हसू येतं, पण तो चोरट्या मासेमारीला आळा घालण्यासाठी आहे. विषय केवढा, यापेक्षा कायद्यामागे पैसा, माणूस आणि तारीख आहे का, ते तपासा.

हे तपासायची जागा मी सांगते. कुठलंही विधेयक सभागृहाच्या संकेतस्थळावर मिळतं. लोक पहिलं पान वाचतात, जिथे भारदस्त नाव असतं. तुम्ही आधी शेवटची पानं वाचा. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' झालं की 'वित्तीय ज्ञापन', म्हणजे खर्चाचा हिशेब, येतं. नवी यंत्रणा, नवे अधिकारी, नवी केंद्रं यांची आश्वासनं देणाऱ्या विधेयकाच्या वित्तीय ज्ञापनात 'यासाठी जादा खर्च अपेक्षित नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर ती केंद्रं उभी राहणार कशी, हे विचारायला हवं. मग कलम एकवर या. 'शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास' तो अंमलात येईल, असं तिथे बहुतेकदा असतं. ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा 1996मध्ये आलं, मंजूर झालं 2023मध्ये. आणि लागू होण्याआधी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी, ही अट त्यातच होती.

गटारातल्या मृत्यूंबद्दल तर कायद्याची वाण नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा 1993चा, दुसरा, अधिक कडक, 2013चा. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं या दुसऱ्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये प्रत्येक मृत्यूमागे 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023मध्ये ती 30 लाख केली. म्हणजे बंदी आहे, भरपाईही आहे, तरी माणसं उतरतात, कारण यंत्रं घेतली जात नाहीत आणि ठेकेदारावरचा खटला पुढे सरकत नाही. इथे तिसरा कायदा आणला तर तो मी किरकोळच म्हणेन, विषय कितीही गंभीर असला तरी.

विधेयकं तपासण्याची सवयही कमी होत चालली आहे. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं संसदीय समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत फक्त 16 टक्के. समितीत अधिकाऱ्याला समोर बसवून 'यंत्रं किती घेतली?' असं विचारता येतं. सभागृहातल्या आरडाओरड्यात ते जमत नाही.

आता तुमच्या हातात काय? 'काहीतरी करा' असं पत्र आमदारांना लिहू नका. त्याचं उत्तर देणं फार सोपं असतं. एका कायद्याचं नाव घ्या आणि विचारा : नियम कधी प्रसिद्ध झाले, यंदा अर्थसंकल्पात कुठल्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या खात्याखाली) किती तरतूद आहे, त्यातला खर्च किती झाला. यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न, टाकायची विनंती करा. मंत्री सभागृहात उभे राहून 'करू' म्हणाले, तर ते 'आश्वासन समिती'च्या नोंदीत जातं आणि खात्याला ते पुरं केल्याचं कळवावं लागतं. ही समिती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, पण खाती तिला टरकून असतात. मी ते जवळून पाहिलं आहे.

दुसरी वाट विनंती अर्ज समितीची. संसदेत तिला याचिका समिती म्हणतात. नागरिकाला सदस्यामार्फत सभागृहापुढे अर्ज मांडता येतो, फक्त तो सादर करणाऱ्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. अर्ज एका विषयापुरता, पुराव्यासह आणि थोडक्यात लिहा. तुमच्या सदस्यांनी सही करायला नकार दिला, तर तो लेखी मागा आणि अर्ज दुसऱ्या सदस्याकडे न्या.