प्रवासाचे प्रश्न : मे महिन्यातले महाबळेश्वर

प्रश्न : मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे, दहा आणि तेरा वर्षांची मुले व ७२ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण स्वतःच्या गाडीने तीन दिवसांसाठी महाबळेश्वरला जाणार आहोत. सासूबाईंना गुडघेदुखीचा त्रास आहे. एका परिचितांनी आम्हाला बावीस ठिकाणांची यादी दिली असून तीत लिंगमळ्याचा धबधबा, कास पठार आणि प्रतापगडही आहे. एवढे सगळे पाहून होईल का, आणि होणार नसेल तर काय गाळावे?
— एक वाचिका, परभणी

उत्तर : आपल्या यादीला अर्धी कात्री मे महिन्यानेच लावली आहे. लिंगमळ्याला या दिवसांत कोरडा कडा आणि फार तर एखादी बारीक धार दिसते. कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला तो तिथल्या रानफुलांमुळे, आणि ती फुले ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. मे महिन्यात त्या पठारावर उघडा जांभा खडक तेवढा असतो, आणि त्यासाठी साताऱ्याच्या बाजूला जाऊन तीनातला एक दिवस घालवणे मला पटत नाही. ही दोन नावे निःशंकपणे खोडावीत.

उरलेल्या ठिकाणांपैकी बहुतेक जागा एकाच पठाराच्या कडा आहेत. पश्चिमेच्या कडांवरून, म्हणजे आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक आणि बॉम्बे पॉइंट येथून, खाली कोकण दिसते. केट्स पॉइंटवरून मात्र पूर्वेकडे कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. गाडीवाले आपल्या सोयीने फिरवतात आणि सूर्यास्ताला सगळे महाबळेश्वर बॉम्बे पॉइंटवर लोटते. आपण उलटा क्रम ठेवावा. सकाळी नऊच्या सुमारास ऊन पाठीशी असताना पश्चिमेच्या दऱ्या पाहाव्यात, कारण दुपारनंतर कोकणातून वर येणाऱ्या धुरकटपणात मे महिन्यात समोरचा डोंगरसुद्धा पुसट होतो. आणि केट्स पॉइंट चार-साडेचारला गाठावा, तेव्हा कलते ऊन थेट खोऱ्यावर पडलेले असते. आदल्या दिवशी वळवाची सर येऊन गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही करून पश्चिमेच्या कड्यावर जावे. धूळ खाली बसलेली असते आणि एरवी न दिसणाऱ्या डोंगररांगा एकामागे एक मोजता येतात.

माझ्या मते पहिली संपूर्ण सकाळ क्षेत्र महाबळेश्वराला द्यावी. बाजारपेठेपासून हे गाव सुमारे सहा किलोमीटरवर आहे आणि पुष्कळसे प्रवासी तिथे दर्शनापुरतेच थांबतात. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह एकत्र येऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. मुलांना तिथेच नकाशा दाखवावा. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेला वळून सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत वेण्णा तिला संगम माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला भेटते. सासूबाईंना तिथे निवांत बसता येईल. तोवर मुलांना घेऊन जवळच्या कृष्णाबाईच्या मंदिरात जावे. काळ्या दगडाचे हे जुने देऊळ दरीच्या काठावर असून गर्दीच्या दिवसांतही तिथे बरीच शांतता असते.

तेथून पुढे आर्थर सीट. जुने लोक या जागेला मढीमहाल म्हणत, जसे केट्स पॉइंटला नाकेखिंड आणि विल्सन पॉइंटला सिंदोळा म्हणत. साताऱ्याच्या महाराजांशी १८२९ साली झालेल्या करारानुसार वाईजवळचे खंडाळा देऊन मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा मुलूख मिळवला आणि ‘माल्कम पेठ’ वसवली, तेव्हापासून कडेकपारींना साहेबांची व त्यांच्या लेकीसुनांची नावे चिकटली. आर्थर सीटच्या कड्यावर खालून वारा इतक्या जोराने वर येतो, की हलकी वस्तू टाकली तर ती तरंगत परत येते. लोक हा खेळ बाटल्यांच्या झाकणांनी खेळतात आणि परत न येणारी झाकणे दरीत साचतात. मुलांच्या हाती वाळलेले पान द्यावे, गंमत तेवढीच होते. इथे पायऱ्या आणि चढउतार आहेत, त्यामुळे सासूबाईंनी गाडीतळाजवळ थांबणे बरे. त्यांच्यासाठी विल्सन पॉइंट सोयीचा आहे. १४३९ मीटर उंचीची ही महाबळेश्वरातील सर्वांत उंच जागा असूनही गाडी जवळपर्यंत जाते.

प्रतापगडाचा निर्णय घरात बसून घ्यावा. गड सुमारे २४ किलोमीटरवर, आंबेनळी घाटाच्या बाजूला आहे आणि वर जायला साडेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांसाठी तो नाही. मुलांना मात्र तो अवश्य दाखवावा. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ साली उभा राहिलेला हा गड आणि पायथ्याची, १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीची जागा पाहिल्यावर पुस्तकातला अफजलखानाचा धडा त्यांना निराळा वाटेल. सकाळी सातला निघून अकराच्या आत खाली यावे. तेवढा वेळ सासूबाईंपाशी कोणी थांबायचे, हे आधीच ठरलेले असावे. ऐन वेळी ठरवताना घरोघरी भांडणे होतात.

तिसऱ्या दिवशी परतताना पाचगणीच्या वाटेवर भिलारला थांबावे. ४ मे २०१७ रोजी हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घरांमध्ये विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणाच्याही ओसरीवर बसून ती फुकट वाचता येतात. तेरा वर्षांचे मूल तिथून उठायला तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे. पाचगणीच्या टेबललँडवर दुपारी पाऊल ठेवू नये, कारण जांभ्याचे ते पठार तापते आणि घोड्यांची लाल धूळ कपड्यांवरून निघत नाही. वेण्णा तलाव साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ साली बांधून घेतला. नावेसाठी तासभर रांगेत उभे राहण्यापेक्षा काठावरची बारीक लालबुंद गाजरे आणि मक्याचे पॅटीस खाऊन पुढे जावे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त असून गाडी नाही. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एस.टी.ने महाबळेश्वरला जावे का? तेव्हा स्ट्रॉबेरी मिळेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अवश्य जावे, मात्र शनिवार-रविवार टाळावा. एस.टी.च्या आगारातून महाबळेश्वर दर्शन आणि प्रतापगड दर्शन अशा गाड्या सुटतात. जागेची चौकशी आदल्या संध्याकाळीच स्थानकावर करावी. छत्री आणि एक जाडसर शाल सोबत असू द्यावी, कारण त्या आठवड्यात वळीव कधीही गाठतो.

स्ट्रॉबेरीचा बहर तोवर सरलेला असतो. त्याऐवजी खेड्यांतल्या बायका करवंदे आणि जांभळे घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसतील. मध घ्यायचा असेल तर जांभळीचा मागावा. रंगाने गडद आणि चवीला किंचित कडसर असल्याने अनेक जण तो जुना समजून बाजूला ठेवतात. जवळचे मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले आहे, आणि पेट्यांतल्या मधमाश्या पाहायच्या असतील तर तिकडे टॅक्सी करून जाणे सोयीचे पडेल.