गिटारवर वाजत नाही, मग लिहिणं सोडू का?

प्रश्न : मी सांगलीची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या व्हायोलिन परीक्षांच्या सात ग्रेड झाल्या आहेत. गिटार, दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठी कॉम्प्युटरवर एक क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, लिहिलं. ऐकायला छान वाटतं, पण गिटारवादकानं 'हे हातात बसत नाही' म्हणून परत केलं. बाबा म्हणतात, हा नाद सोड. सोडू का?

उत्तर : तुझी पानं मी गिटार मांडीवर घेऊन वाजवून पाहिली. वादकानं तुला खरं तेच सांगितलं, आणि तरीही तू लिहिणं सोडू नयेस असं माझं ठाम मत आहे. सुरावटी चांगल्या आहेत. चुकलाय तो हाताचा हिशेब, आणि तो शिकता येतो.

अकराव्या बारमधला (स्वरलिपीतल्या अकराव्या खंडातला) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, घे : एफ, ए-फ्लॅट, सी, डी-फ्लॅट. पियानोवर हे स्वर एका पंजात येतात. गिटारच्या एका तारेतून एका वेळी एकच स्वर निघतो, म्हणून इथे चार तारा लागतात. तारा बारीक तारेपासून मोजायच्या, आणि फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या. एफ पाचव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर, ए-फ्लॅट चौथीच्या सहाव्यावर, सी तिसरीच्या पाचव्यावर आणि डी-फ्लॅट दुसरीच्या दुसऱ्यावर. दुसऱ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत कुणाचाही डावा हात पुरत नाही. आता हाच कॉर्ड अर्धा स्वर खाली आण : ई, जी, बी, सी. बी आता मोकळ्या, म्हणजे बोटानं न दाबलेल्या, दुसऱ्या तारेवर मिळतो, सी तिसरीच्या पाचव्या फ्रेटवर, जी चौथीच्या पाचव्यावर, ई पाचवीच्या सातव्यावर. हात सहज बसतो. अर्ध्या स्वराचा फरक, पण मोकळी तार मदतीला आली. गिटारवादक स्केल निवडताना इतके चोखंदळ का असतात, ते यातून तुला कळेल.

चोविसाव्या बारमध्ये खालचे एफ आणि जी एकत्र लिहिले आहेस. ते दोन्ही फक्त सर्वांत जाड तारेवरच मिळतात, त्यामुळे एकत्र वाजणं शक्यच नाही. शिवाय गिटारचा स्वर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, हे लिहिताना ध्यानात धर. कॉम्प्युटर यातलं काहीच अडवत नाही. तो सगळं मुकाट्यानं वाजवून दाखवतो.

दुसरी अडचण आवाजाची. छेडलेला स्वर लगेच विरत जातो, गजाचा स्वर हवा तेवढा धरता येतो. तुझी चारही वाद्यं भरून वाजत असताना गिटार ऐकूच येणार नाही. तिथे दोन वाद्यांना थांबव, उरलेल्यांना पिझिकाटो दे, म्हणजे गजाऐवजी बोटानं तार छेडू दे. व्हायोलिन तुझ्या हातातलं आहे, हे तुला लगेच जमेल.

अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार बोकेरिनी स्वतः चेलोवादक. त्याची गिटार क्विंटेट्स बहुतेक त्याच्याच आधीच्या रचनांवरून गिटार वाजवणाऱ्या एका स्पॅनिश सरदारासाठी बेतलेली आहेत. विसाव्या शतकातला इटालियन संगीतकार कास्तेलनुओवो-तेदेस्को तर पियानिस्ट, तरी त्यानं १९५० मध्ये स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियासाठी गिटार क्विंटेट लिहिलं. तेव्हा गिटारवादक नसणं ही अडचण नाही. दोन्हींची स्वरलिपी मिळव आणि गिटारची ओळ बोटानं फ्रेटबोर्डवर शोधत वाच.

आता बाबांच्या काळजीबद्दल. ती रास्त आहे. केवळ चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं संगीत, लिहून आपल्याकडे घर चालणार नाही, म्हणून बी.कॉम. पूर्ण कर. पण वादकाच्या हातात बसेल असं लिहिता येणं हे संगीत संयोजकाचं रोजचं काम आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अरेंजर, गोव्याचे सेबास्टियन डिसोझा, हेच काम करत होते. स्टुडिओत वादक समोर पान ठेवून वाजवतात, आणि तिथे न वाजणारी एक ओळ सगळ्यांचा वेळ खाते. जाहिराती, नाटकं, वेब मालिका यांच्यासाठी लिहून दे. त्याबरोबर व्हायोलिनची शिकवणी ठेवलीस तर सुरुवातीची मिळकत उभी राहील.

एक साधी नायलॉनच्या तारांची गिटार घे. सहा महिने रोज अर्धा तास, मैफलीसाठी नाही, फक्त आपला प्रत्येक कॉर्ड स्वतःच्या बोटांनी तपासण्यासाठी. मग पानं दुरुस्त करून त्याच वादकाकडे ने, त्याच्या तासाचे पैसे दे, आणि तो अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण कर. तिसऱ्या पानावर चेलो एकटा राहतो आणि गिटार मोकळ्या डी तारेवर त्याला साथ देते, त्या आठ बारना मात्र हात लावू नकोस.